फुजीचा खालचा पांढरा थर

आजचा अख्खा दिवस जपानच्या फुजी ज्वालामुखीच्या एकाच थरात गेला. १७०७ च्या होएई उद्रेकाचा थर. पायथ्याजवळच्या कापात तळाला फिकट, हलका, भोकाभोकांचा प्यूमिस (ज्वालामुखीचा फेसाळ दगड) दिसतो आणि वर काळा, खरखरीत स्कोरिया (ज्वालामुखीचेच सच्छिद्र खडे). रंग बदलतो, कारण शिलारसच बदलला: आधी सिलिका जास्त असलेला, चिकट डेसाइट फुटला, मागोमाग खालून कमी सिलिकाचा, पातळ बेसॉल्ट आला.

२८ ऑक्टोबरला प्रचंड भूकंप, ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, आग्नेय उतार फाटला. भूकंपाच्या ताणाने खोलवरचा बेसॉल्ट वर सरकून डेसाइटमध्ये घुसला असावा, असं मानतात. मला हे पटतं.

या उद्रेकात लाव्हा वाहिलाच नाही, नुसते खडे आणि राख उडाली. राख शंभरेक किलोमीटरवरच्या एदोपर्यंत (आजचं टोकियो) पोचली. खरा त्रास नंतर झाला: पावसाने राख साकावा नदीत उतरली, पात्र उथळ झालं आणि पूर येत राहिले.

याउलट ८६४ चा जोगान उद्रेक म्हणजे लाव्हाच लाव्हा. त्याने सेनोउमी तळं बुजवलं, उरले साइ आणि शोजी हे दोन तुकडे. आओकिगाहाराचं जंगल त्याच खडकावर उभं आहे.

आणि हो, ‘सुप्त’ आपण म्हणतो. जपानचं हवामान खातं फुजीला जागृतच धरतं.