आमची वाटचाल : आठ बटणं आणि एक आयसी

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ असायचा, तो बहुतेक वेळा निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल होता. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. कॅसेटवर फुंकर मारून ती खोचायची आणि रिमोटवरून भावंडांशी भांडायचं. (कंट्रोलरला तेव्हा रिमोटच म्हणायचे, आम्ही आता ज्यांच्या हाताप्रमाणे असे रिमोट बनवून देतो ती आमची गिऱ्हाइकं अजूनही तेच म्हणतात.) त्यातले कितीतरी डबे आजही चालू आहेत. आधी जातो तो रिमोट. वायर मुळाशी तुटते, बटणाखालच्या रबरावरचा कार्बन झिजतो.

लॉकडाऊनमध्ये माळ्यावरून काढलेला माझाच रिमोट मी उघडला. आत आयसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपच्या, जागी तिला झाकणारा नुसता काळा घट्ट थेंब, दुरुस्त काय करणार? शोधता शोधता कळलं, की मूळ कंट्रोलरमध्ये ४०२१ ही सोळा पायांची साधी आयसी असते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात ती सहज मिळाली.

या आयसीचं काम मला फार सुंदर वाटतं. कन्सोलकडून, म्हणजे गेमच्या मुख्य डब्याकडून, लॅचचा (‘पकड’ असा) इशारा आला की आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती ती पकडून ठेवते आणि क्लॉकच्या, म्हणजे कन्सोलकडून ठरावीक वेळाने येणाऱ्या इशाऱ्याच्या, ठोक्यागणिक एकेक सांगत जाते : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. हा क्रम पक्का. बटण मात्र कुठेही बसवा, दाबल्यावर तिचा ठरलेला पाय ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) टेकला की झालं. आमचा सगळा धंदा या एका सवलतीवर उभा आहे.

सुरुवातीला ठेचा खाल्ल्या. करून घेतलेल्या रबराची पहिली खेप इतकी कडक निघाली, की दहा मिनिटांत अंगठा दुखायचा. सगळी टाकून दिली. रिमोट जिथे खोचतात त्या नऊ पिनांच्या सॉकेटचं वायरिंग प्रत्येक नकलेत सारखं नसतं, हे एक कन्सोल जाळून शिकलो. तेव्हापासून मल्टिमीटर लावून कुठली तार कुठे जाते ते तपासल्याशिवाय वायर सोल्डर करत नाही.

मग एक गृहस्थ आले. अपघातात उजवा हात गेलेला, घरी जुना गेम जपून ठेवलेला. त्यांच्यासाठी डाव्या हाताच्या बोटांखाली दिशांची चार सुटी बटणं दिली, ए आणि बी पायाशी, शिलाई मशीनच्या पायट्यासारखे दोन फूटस्विच लावून. दिशांची बटणं फसली. सुट्या बटणांवर डावं-उजवं एकदम दाबलं जातं, आणि काही गेम त्यानं वेड्यासारखे वागतात. मूळ अधिक-चिन्हाच्या बटणात ते होत नाही, कारण ते मधल्या टेकूवर डुलतं, एक बाजू खाली गेली की दुसरी वर येते. मग बटणं काढून एका दांडीचा जॉयस्टिक बसवला.

बी दाबून धरत ए मारायची, म्हणजे धावता धावता उडी, ही त्यांना दोन पायांनी जमायला आठवडा लागला. आता ऑर्डर घेताना आम्ही रंग नंतर विचारतो. आधी समोरच्याच्या हातात एक रिकामा साचा देतो आणि अंगठा कुठे पडतो ते पेन्सिलीनं आखून घेतो.