वजरी

रविवार, रात्र. चोपडा.

आबा सप्तशृंगी गडावरून परत आले. चैत्राची पायी वारी. रक्तात साखर निघाल्यापासून अनवाणी जाऊ नका म्हणून मी भांडत होते, यंदा ते चपला घालून गेले. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ.

संध्याकाळी ओट्यावर त्यांचा तळपाय मांडीवर घेतला. चवड्याखाली पिवळट, कडक घट्टा, रुपयाएवढा. शेजारी माझा डावा पाय ठेवला, टाच वर करून. गेले सहा महिने जिला मी कुरूप म्हणत आले, ती गाठ. एकाच उन्हात दोन्ही पाय पाहिले आणि लाज वाटली, इतका फरक उघड होता. आबांच्या घट्ट्यावरून कातडीच्या रेषा सरळ जातात, जाड झालेल्या, पण तुटलेल्या नाहीत. माझ्या गाठीपाशी येऊन त्या थांबतात आणि बाजूने वळसा घालून जातात.

कालच जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हे दाखवलं. त्या म्हणाल्या, ही चामखीळ आहे, तळपायाची. दाबाखाली असल्यामुळे वर न वाढता आत रुतून बसते. त्यांनी आधी वरून दाबलं, थोडंसंच दुखलं. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं, तर मी अक्षरशः ओरडले. घट्ट्याचं उलटं असतं म्हणे, वरून दाबलं की दुखतं, चिमटीत फारसं नाही. ब्लेडने वरचा पापुद्रा काढल्यावर आत काळे ठिपके दिसले, आणि त्यांतून रक्ताचे बारीक थेंब आले.

ते ठिपके! मी त्यांना बाभळीच्या काट्याची टोकं समजत होते. दोनदा सुई तापवून कोरलं. ते काटे नव्हतेच, चामखिळीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त होतं ते. त्याच्याही आधी शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं होतं, "कुरूप शे ते." मग बिब्बा. त्याने जो फोड आला, त्यावर आठवडाभर लंगडले. चामखीळ मात्र जागच्या जागी.

घट्टा घासण्याने आणि भाराने होतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. चामखीळ विषाणूची, ह्युमन पॅपिलोमा व्हायरसची. ओल्या फरशीवर, बारीक चिरेतून शिरते. बाईंनी विचारलं, "पाय कशाने घासता?" आणि माझ्या पोटात गोळा आला. मोरीतली वजरी. एकच. माझी, आबांची, पोराचीही. सहा महिने मी ती गाठ त्याच वजरीने घासत होते आणि धुऊन परत कोनाड्यात ठेवत होते.

औषध सॅलिसिलिक ॲसिडचं. रोज कोमट पाण्यात पाय बुडवायचा, मऊ झालेलं हलकेच घासायचं, औषध फक्त गाठीवर लावायचं. कमीत कमी तीन महिने धीर धरा म्हणाल्या. काहींची आपोआपही जाते, लहान मुलांची जास्त, पण मला चालताना टोचतं. आबांसाठी सक्त ताकीद दिली: साखर असलेल्या पायाला ना हे औषध, ना घरी ब्लेड. घरी हे सांगितलं, तर आबांनी विचारलं, "मग न्हाव्याकडून काढून घेऊ का?" मी नुसतं पाहिलं.

वजरी फेकली. तीन नव्या आणल्या, आबांच्या वजरीला लाल दोरा बांधला. त्यांना तो गडावरचा वाटतो, वाटू दे.

पोरगा झोपल्यावर टॉर्च घेऊन त्याचे तळवे पाहिले. उजव्या टाचेवर काळा ठिपका. पाण्याने पुसला, जाईना. छाती धडधडली. मग टॉर्च तिरका धरला. रेषा ठिपक्यावरून सरळ गेल्या होत्या. सकाळी आबांबरोबर बागेत गेला होता, केळीच्या चिकाचा डाग.