तुम्ही विचारलंत म्हणून: न होणाऱ्या ट्रेडवर एवढं काय भांडता?

हा प्रश्न मला घरी विचारतात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारतात, आणि परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीही लिफ्टमध्ये विचारला. "तुम्ही ते अमेरिकेतलं बास्केटबॉल बघता ते समजू शकतो हो. पण मॅच नसतानाही कोणाला कोणाच्या बदल्यात द्यायचं यावर तासन्‌तास भांडता, आणि त्यातलं काहीच होत नाही. मग मिळतं काय?" तेवढ्यात त्यांचा मजला आला आणि उत्तर राहून गेलं. ते आता देतो.

आधी माझा संघ सांगतो, कारण बरंचसं त्यावर आहे. सॅक्रमेंटो किंग्ज. हसू नका. 2013 मध्ये हा संघ सिएटलला हलायच्या बेतात होता, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला आणि होता तिथेच ठेवला. 'रणदिवे' हे आडनाव वाचून आमच्यासारख्यांचे कान टवकारले. मग 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मोसमापूर्वीचे दोन सामने खेळून गेले, एनबीएचे, म्हणजे या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिलेच. किंग्ज दोन्ही हरले. तोवर उशीर झाला होता, आम्ही अडकलो होतो.

सॅक्रमेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण तिथे समुद्र नाही की हॉलिवूड नाही. दरवर्षी 30 जूनच्या संध्याकाळी, न्यूयॉर्कच्या घड्याळाने सहाला, फ्री एजंटांचा बाजार उघडतो. करार संपलेला खेळाडू आपल्या मर्जीने हवा तो संघ निवडू शकतो. आपल्याकडे तेव्हा 1 जुलैची पहाट, साडेतीन. आमच्या ग्रुपमध्ये डोंबिवलीचा एक लेकर्सवाला, म्हणजे लॉस एंजेलिस लेकर्सचा चाहता, आहे, तो गजर लावून उठतो. त्याचं चुकत नाही, 2018 मध्ये लेब्रॉन जेम्स असाच त्यांच्याकडे चालत आला. आम्ही किंग्जवाले निवांत झोपतो. आमच्याकडे कोण येणार आहे? मोठा खेळाडू हवा तर एक तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, नशीब उघडायला हवं, नाहीतर ट्रेड. त्यामुळे न होणाऱ्या सौद्यांची चर्चा हा आमच्यासाठी टाइमपास कमी आणि पोटापाण्याचा प्रश्न जास्त.

आयपीएल बघणाऱ्यांना यातलं अर्धं माहीत असतंच. हार्दिक पंड्या गुजरातकडून परत मुंबईत आला, तेव्हा 2024 मध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. पण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. एनबीएत ती कधीच कोरी होत नाही. चार-चार, पाच-पाच वर्षांचे करार, प्रत्येकाचा पगार जगजाहीर, आणि वर एकूण पगाराची मर्यादा. 2025-26 च्या मोसमात ही कॅप 15 कोटी 46 लाख डॉलर होती. ती ओलांडता येते, पण ओलांडली की खेळाडू आणताना साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. 20 कोटी 78 लाखांच्या पुढे गेलात, म्हणजे 'दुसरा एप्रन' नावाच्या वरच्या मर्यादेपलीकडे, की दोघांचे पगार एकत्र करून एक बडा खेळाडू आणायलाही बंदी. येत्या वर्षांची ड्राफ्टची पिकं, म्हणजे नवा खेळाडू निवडायच्या पाळ्या, सौद्यात टाकता येतात, पण सलग दोन वर्षं पहिल्या फेरीत हात हलवत बसावं लागेल अशी नाही. हा नियम क्लीव्हलंडचे जुने मालक टेड स्टेपियन यांच्या नावाने ओळखला जातो. 1980 च्या सुमाराला त्यांनी पिकं अशी काही उधळली की लीगलाच मध्ये पडावं लागलं.

हे सगळं रुक्ष वाटतंय ना? मला तिथेच गोडी आहे. किंग्जच्या झॅक लाव्हीनचा 2025-26 चा पगार चार कोटी 75 लाख डॉलर, हा आकडा मला तोंडपाठ आहे; स्वतःच्या पीएफचा नाही. मैदानावर माझी लायकी काय, ते माझे गुडघे सांगतील. पण या हिशेबाच्या वहीसमोर मी आणि एखाद्या संघाचा, सौदे ठरवणारा जनरल मॅनेजर बरेचसे एका पातळीवर असतो. त्याला ड्रेसिंग रूममधली भांडणं ठाऊक असतात, डॉक्टरांचे अहवाल मिळतात, एजंटांचे फोन येतात. नियम आणि पगार मात्र दोघांना तेच.

आता भांडण कसं होतं ते ऐका. लेकर्सवाला लिहितो, "आम्ही दोन पोरं देतो, 2031 चं पिक देतो, तुमचा सबोनिस द्या."

"त्यातल्या एकाला तूच परवा शिव्या घालत होतास."

"तुमच्याकडे आला की खेळेल रे तो."

मग कोणीतरी बेरीज करून दाखवतो की सबोनिसचा पगार चार कोटींच्या वर, ही दोन पोरं मिळून त्याच्या निम्म्यातही नाहीत. चर्चा संपायला हवी, पण संपत नाही. लेकर्सवाला तिसरा संघ शोधायला लागतो.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. काल्पनिक ट्रेडपैकी बहुतेक या एका म्हणीपायी पडतात. आपला बाकावरचा पोरगा 'अजून उमलायचाय', त्यांचा 'फुकट गेलेला'. म्हणून आम्ही ग्रुपमध्ये एक दंडक घातला: प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी समोरच्या संघाचा वकील व्हायचं. ते 'हो' का म्हणतील, ते लिहायचं. ते जमलं नाही तर प्रस्ताव बाद. यामुळे भांडणं कमी झाली नाहीत, पण सुधारली. मला इंडियानाचे, युटाचे, शार्लटचे खेळाडू नीट कळले ते त्यांच्या बाजूने वकिली करताना. एरवी शार्लटची मॅच कोण बघतो?

गंमत म्हणजे हा दंडक खऱ्या मॅनेजरांना नाही. 2 फेब्रुवारी 2025, रविवार, आपल्याकडे नाश्ता उरकायची वेळ. डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सला दिल्याची बातमी आली. पंचविशीतला खेळाडू, आठ महिन्यांपूर्वी ज्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं! बदल्यात मुख्य म्हणजे अँथनी डेव्हिस आणि पहिल्या फेरीचं फक्त एक पिक. बातमी देणाऱ्या शॅम्स चरानियाचं खातं हॅक झालंय असं लोकांना वाटलं, त्याला 'हे खरं आहे' असं वेगळं लिहावं लागलं. डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी गुपचूप एकट्या लेकर्सशी बोलणी केली होती, बाकी बाजारात विचारलंच नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा ट्रेड कोणी मांडला असता तर त्याला आठवडाभर बाहेर बसवला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांची नोकरी गेली. तेव्हा 'तुमचं काहीच होत नाही' असं कोणी म्हणालं की मी एवढंच म्हणतो, जे होतं ते तरी कुठे शहाणपणाचं असतं? आणि लुकावरून मी गप्पच राहिलेलं बरं. 2018 च्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक आमचा होता. आम्ही मार्व्हिन बॅगली घेतला. लुका तिसरा गेला.

तेव्हा आमचे मॅनेजर व्लादे दिवाच होते. खेळाडू म्हणून या माणसाचा 1996 मध्ये लेकर्सकडून शार्लटशी सौदा झाला आणि बदल्यात लेकर्सला मिळाला कोबी ब्रायंट. पुढे 2017 मध्ये दिवाचनी डीमार्कस कझिन्सला न्यू ऑर्लिन्सला दिलं आणि पत्रकारांना सांगून टाकलं की दोन दिवसांपूर्वी यापेक्षा चांगला सौदा हातात होता. जाहीरपणे! भाजीवालासुद्धा असं बोलत नाही.

पण आमच्या ग्रुपचं कायमचं भांडण वेगळंच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जने टायरीस हॅलिबर्टन पेसर्सला दिला आणि डोमांटास सबोनिस आणला. हॅलिबर्टन 21 वर्षांचा, शहराचा लाडका, तिथेच राहायचं म्हणणारा. मोसमभरातच निकाल लागल्यासारखा वाटला: 2023 मध्ये किंग्ज 16 वर्षांच्या दुष्काळानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचले, जिंकल्यावर आकाशात जांभळा झोत सोडायला लागले, आणि गोल्डन स्टेटशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. आम्ही छाती काढून फिरलो. मग 2025 मध्ये हॅलिबर्टन पेसर्सला अंतिम फेरीत घेऊन गेला. पहिला सामना त्याने 0.3 सेकंद उरलेले असताना जिंकून दिला, आणि सातव्या सामन्यात त्याच्या टाचेमागची शीर तुटली. समोर ओक्लाहोमा सिटीचा शे गिल्जस-अलेक्झांडर, तोही 2019 मध्ये क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी देऊन टाकलेला. म्हणजे त्या मालिकेतले दोन्ही नायक कोणीतरी 'आम्हाला आत्ता जिंकायचंय' म्हणत हातचे घालवलेले.

माझं मत विचाराल तर तो ट्रेड मी आजही करीन. सॅक्रमेंटोत 16 वर्षं काय होतं, ते लेकर्सवाल्याला नाही कळायचं. आणि एकाच खेपेला सही, पण ती मजा आम्ही घेतली. ग्रुपमधले निम्मे लोक यावरून मला वेड्यात काढतात. त्यांच्याकडेही मुद्दे आहेत, पण ते मी इथे देणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती तुम्ही कोणी विचारली नाहीत म्हणून मीच सांगतो. ज्यांना आम्ही या संघातून त्या संघात टाकतो ती माणसं आहेत. सौदा नाकारण्याचा हक्क करारात लिहून घ्यायचा तर लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं काढावी लागतात, आणि तरी तो मोजक्यांनाच मिळतो. बाकीच्यांनी फोन आला की घर गुंडाळायचं. डीमार डीरोझनने टोरांटोत नऊ मोसम घालवले, स्वतःच्या नैराश्याबद्दल उघड बोलला, आणि त्याच वर्षी, 2018 मध्ये, त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं गेलं. पुढच्याच वर्षी टोरांटोने विजेतेपद मिळवलं, त्याच्या बदल्यात आलेल्या क्वाय लेनर्डच्या जोरावर. हिशेबाने सौदा अचूक. 2024 मध्ये डीरोझन किंग्जमध्ये आला, तेव्हापासून त्याचं नाव काल्पनिक ट्रेडमध्ये टाकताना माझा हात थोडा अडखळतो. थोडाच, शेवटी टाकतोच, पगार जुळवायला बरा पडतो.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, ग्रुपमध्ये या. तुम्ही सोसायटीचे हिशेब ठेवता, एप्रन तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. फक्त येताना पहिला प्रस्ताव तयार ठेवा, आणि समोरच्याला काय मिळणार ते आधी लिहा. लेकर्सला काही द्यायचं असेल तर मात्र तो लिफ्टमध्येच सांगा.