बारा प्रिंट, सहासष्ट जोड्या

आम्ही पाच जण रेल्वेगाड्यांचे फोटो काढतो आणि प्रिंट करून एकत्र बसून बघतो. त्या फोटोंना दहापैकी गुण द्यायची पद्धत आम्ही बंद केली. वीस प्रिंट, पाच जण, आणि सरासरी काढली तर जवळजवळ सगळे फोटो सहा ते आठच्या मध्ये अडकलेले. मित्राने पहाटे चारला उठून काढलेल्या फोटोला चार गुण द्यायला हात धजावत नाही, आणि नऊ द्यायचे म्हटलं की पुढे याहून चांगला आला तर काय, हा प्रश्न. सातवर सगळ्यांचं समाधान होतं, शिकत मात्र कुणी नाही.

आता जोडीने बघतो. नाशिक रोडच्या जेलरोडला माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येकाने एकीकडे बोट दाखवायचं, आणि कारण बोट दाखवून झाल्यावरच सांगायचं. त्या जोडीत ज्याचा फोटो असेल त्याने मत न देता गप्प बसायचं. मतं समसमान पडली तर दोघांना अर्धा-अर्धा गुण. बारा फोटोंच्या सहासष्ट जोड्या होतात आणि चहा धरून साधारण तीन तास लागतात. पहिल्याच दिवशी दहा जोड्या डाव्या-उजव्या बाजू बदलून पुन्हा ठेवून पाहिल्या. तीन जोड्यांत निकाल फिरला. अशा जोड्या आता आम्ही सरळ बरोबरीत धरतो.

या बैठकीत खरी गंमत आली ती तीन फोटोंमुळे. एक मनमाडजवळचा, डब्ल्यूएजी-१२ हे विजेवरचं इंजिन मालगाडी ओढतंय, ऊन अगदी सपाट. दुसरा निफाडचा, डिसेंबरच्या धुक्यातून हेडलाइट तेवढा पुढे आलाय आणि बाजूला द्राक्षबागेच्या तारा. तिसरा कसारा घाटातला, पावसाळ्यात वळणावर वाकलेली लांब गाडी. मनमाडने निफाडला हरवलं, निफाडने घाटाला, आणि घाटाने मनमाडला! आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा बघितलं, तेच.

मग लक्षात आलं की पहिल्या जोडीत आम्ही इंजिन बघितलं होतं, दुसरीत उजेड आणि तिसरीत मांडणी. प्रश्नच दर वेळी वेगळा होता, तर उत्तर एका रांगेत कसं बसणार?

त्यात ओझरच्या मित्राने रोल फिल्मच्या काळातला एक प्रिंट काढला. घाटात डब्ल्यूसीजी-२ बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी इंजिनं, रेल्वेच्या तारांत १५०० व्होल्ट डीसी वीज होती त्या दिवसांतली. कडा हललेल्या, अर्धं आकाश पांढरं, खांब बरोबर चालकाच्या कॅबच्या मधोमध. मी बोट दुसऱ्या फोटोकडे दाखवलं आणि दाखवताक्षणी मला वाईट वाटलं. हे इंजिन आता त्या चढावर कुणालाच टिपता येणार नाही. डीसी गेली, २५ हजार व्होल्ट एसी आली, इगतपुरीला इंजिन बदलायला थांबणाऱ्या गाड्यांचा तो सगळा खेळच संपला. हललेला असला तरी तो फोटो जपायलाच हवा. पण भिंतीवर लावशील का विचारलं तर मी नाहीच म्हणणार.

तेव्हापासून आम्ही दोन वेगळे प्रश्न करतो. एक, यातला कोणता जपून ठेवशील? दोन, यातला कोणता रोज डोळ्यांसमोर ठेवशील? पहिल्यात गाडीला मत मिळतं, दुसऱ्यात फोटोला. दोन्ही फेऱ्यांची बेरीज करायची नाही. माझ्या मते आपल्या छंदातले निम्मे वाद हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात. दुर्मीळ इंजिन सापडलं की आपण फोटो बघायचं थांबवतो आणि रोजच्या गाडीचा सुंदर फोटो ‘पंचवटी एक्स्प्रेस तर रोजच जाते’ म्हणून मागे पडतो.

पंचवटीवरून सांगतो. नाशिक रोडच्या लोकांना ठाऊकच आहे की ही गाडी टिपायला अवघड. सकाळी सातच्या सुमारास ती मुंबईकडे म्हणजे नैऋत्येला निघते, सूर्य पूर्वेला, त्यामुळे इंजिनाच्या नाकावर सावली आणि ऊन एका कुशीवर. परत येते तेव्हा रात्र झालेली असते. पाठ्यपुस्तकातला थ्री-क्वार्टर शॉट, नाक आणि बाजू दोन्ही उजळलेला, या गाडीचा इथे मिळत नाही.

मार्चअखेरीस देवळालीच्या अलीकडे मी आणि आमच्यातली बारावीची मुलगी दहा पावलांच्या अंतराने उभे होतो. रुळांपासून लांब, कुंपणाबाहेर. (रेल्वे कायद्याचं कलम १४७ नव्या मंडळींनी वाचून ठेवावं. फोटोसाठी रुळांवर जाणाऱ्याला आमच्या टेबलावर जागा नाही.) मी नेहमीप्रमाणे इंजिन धरलं आणि घरी येऊन नाकावरची सावली सॉफ्टवेअरमध्ये उचलली. सगळं स्वच्छ दिसतं. नंबर वाचता येतो, कॅबची काच, वायपर, सगळं. तिने इंजिन जाऊ दिलं आणि मागचे डबे घेतले. डब्यांच्या कुशीवर कोवळं ऊन तिरपं घसरत गेलंय, खिडक्यांचे चौकोन एकाआड एक पेटल्यासारखे, आणि दारात एक पासधारक उभा, खांद्याला डब्याची पिशवी, अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत. त्याची मूठ दांड्यावर घट्ट आहे, हेही दिसतं.

जपण्याच्या फेरीत माझा जिंकला, कारण इंजिन आणि नंबर नोंदलेला आहे. रोज बघण्याच्या फेरीत तिचा फोटो मत देणाऱ्या तिघांनीही निवडला. मला मत नव्हतं, असतं तर मीही तिचाच निवडला असता. माझ्या फोटोत मी सूर्याशी भांडलोय, तिने त्याचं ऐकलं. तिने विचारलं, “दादा, सावली उचलली नसती तर?” घरी जाऊन तसं करून पाहिलं. मूळ फोटो काळपट आहे, पण चाकांजवळचा उन्हाचा पट्टा जिवंत आहे. उचलताना तोच मेला होता.

आता थोडं तांत्रिक, कारण जोड्या लावल्या की चुका शेजारी शेजारी दिसतात. ताशी ११० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण साडेतीस मीटर जाते. १/५०० सेकंद शटर उघडं असताना ती सहा सेंटिमीटर सरकते, १/२००० ला दीड. घाटात वेग कमी, तिथे पावसाच्या अंधारात १/२५० पुरतो. मोबाइलने काढलेल्या दोन फोटोंत डबे तिरके झुकलेत. तो इलेक्ट्रॉनिक शटरचा दोष आहे, गाडी समोरून येताना कमी जाणवतो. हेडलाइटमुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि बाकी सगळं काळं पडतं, म्हणून गाडी लांब असतानाच एक्सपोजर लॉक करा. आणि प्रिंट एकाच ठिकाणी, एकाच दिवशी काढून घ्या. या वेळी आमच्या निम्म्या प्रिंट एका लॅबमध्ये दिल्या, तिथे न विचारता कॉन्ट्रास्ट वाढवला गेला. पांढऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनाच्या नाकावरचे बारकावेसुद्धा दिसेनात. त्यातले बिघडलेले चार फोटो आम्ही निकालातून काढले आणि पुन्हा छापून जोड्या लावल्या.

आमचे काका निवृत्त लोको पायलट आहेत. त्यांच्या नजरेतून बघायला मिळतं हे आमचं भाग्य. कसारा-इगतपुरी चढावर, १:३७ म्हणजे ३७ मीटरला एक मीटर वर, मी बँकर टिपले होते. दोन इंजिनं, ओले रूळ, मागे ढगात गेलेला डोंगर. मला तो फोटो फार आवडायचा. काकांनी अंगठ्याने डावी कड झाकली, उघडली, पुन्हा झाकली. “अरे, शेवटचा डबा आणि बँकर जिथं भेटतात ती जागाच तू कापलीस. ढकलतोय हे कळणार कशावरून? हे नुसतं उभं असलेलं इंजिनही असू शकतं.” मूळ फाइल उघडली. कडेला डब्याचा तीन बोटांचा तुकडा होता, तो मीच सरळ रेषेच्या हट्टापायी कापला होता. परत घेतला. आता तो फोटो आधीच्यापेक्षा चार जोड्या जास्त जिंकतो.

मे महिन्यात आम्ही दुपारी कॅमेरा काढलाच नाही. २० मेच्या आसपास नाशिकला सूर्य थेट डोक्यावर येतो, डब्यांच्या कुशी काळ्या आणि खालचे चाकांचे सांगाडे तर दिसतच नाहीत. ओढा ते निफाड पट्ट्यात हिवाळ्यात मात्र सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, तेव्हा लाइनच्या दक्षिण बाजूला उभं राहिलं की जवळजवळ कुठलीही वेळ चालते.

पुढची बैठक फक्त मालगाड्यांची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला जाणारे कोळशाचे रेक चालतील, इंजिन नसलेला फोटोही चालेल. प्रिंट सहा बाय आठची, मॅट, मागे पेन्सिलने फक्त आकडा. नाव नाही, इंजिन नंबर नाही, ‘चार तास थांबलो होतो’ नाही. प्रत्येकाने तीनच आणायच्या. काकांनी स्वतःचाही एक आणतो म्हणून सांगितलंय, नोकरीत असताना इगतपुरीच्या यार्डात काढलेला. तो कोणत्या फेरीत ठेवायचा ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.