तुम्ही विचारलंत म्हणून: रानडुकराचं मटण आणि बर्फाची पेटी

बेळगावजवळच्या खानापूरच्या बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मयताहून परतताना, कुणीतरी जवळ सरकतं आणि विचारतं, "डॉक्टर, अमेरिकेत रानडुकराच्या शिकारीला गेलतासा म्हणं. एवढं मटण नासलं कसं न्हाई? आणि तिकडं चालतंय, मग आमच्यात का चालत न्हाई?"

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीतली बरीच वर्षं खानापूर तालुक्यात गेली. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, गुंजी, जिथं गाय अडली तिथं गेलो. त्यामुळे हा प्रश्न मला विचारला जातो यात नवल नाही. प्रश्न दोन आहेत, पण माझ्या मनात त्यांचं उत्तर एकच आहे. तिथं पोचायला थोडा वेळ लागेल.

२०१९ च्या ऑक्टोबरात टेक्सासला भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मक्यात डुकरं धुडगूस घालत होती. तिथं रानडुकराला शिकारीचा ठरावीक हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तर खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर शिकारीचा परवानाही लागत नाही. मी बंदूक धरली नाही. माझ्याकडे सुरी आणि बॅटरी होती.

रात्री दहाच्या सुमाराला साठेक किलोची मादी एका गोळीत पडली. पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. कुणी फोटो काढले नाहीत, कुणी आरडाओरडा केला नाही. दोघांनी तिला जीपजवळ आणलं, मागच्या पायांना दोर लावून झाडाच्या फांदीला उलटं टांगलं, हातमोजे चढवले आणि आतडी काढली, कुठंही न फोडता. मग कातडं उतरवलं. चारी फरे, म्हणजे पायांचे मांसल भाग, सोडवले. हवा उकाड्याची होती, आपल्याकडच्या ऑक्टोबरसारखीच, आणि उघड्या पोटातून वाफ येत होती.

त्या वाफेतच सगळं आहे. लोक समजतात की बर्फ मटण टिकवतो. बर्फाचं काम नंतरचं. जनावर मेलं तरी त्याचं अंग लगेच थंड होत नाही. जिवंतपणी त्याच्या अंगात अडतीस-एकोणचाळीस अंश उष्णता असते, आणि मेल्यावरही स्नायूंत काही काळ ती तयार होत राहते. आतडी आत राहिली तर आतली घाण त्याच उबेत वाढते. डुकराला वरून चरबीचा थर आणि जाड कातडं, म्हणजे गोधडी पांघरलेली. ती काढली नाही तर बाहेर कितीही बर्फ रचा, आत मांडीच्या हाडाजवळ मटण तासन् तास कोमट राहतं आणि तिथूनच आंबायला लागतं. वरून लालभडक, हाडाशी कुजलेलं. असे फरे मी आपल्याकडेही पाहिले आहेत.

जंतूंचं गणित सोपं आहे. उबदार जागी काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. चार तासांत ते बारा वेळा दुप्पट झाले तर एकाचे चार हजारांवर जातात. चार अंशांच्या खाली त्यांची चाल एकदम मंदावते. म्हणून मटण चारच्या खाली आणायचं, आणि लवकर आणायचं.

आता पेटी. भाच्याकडे जाड भिंतीची मोठी पेटी होती. निघायच्या आदल्या रात्रीच त्यानं तिच्यात एक पिशवी बर्फ टाकून झाकण लावून ठेवलं होतं. गरम पेटीत बर्फ घातला तर निम्मा बर्फ पेटी गार करण्यातच जातो. तळाला पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, त्यावर पिशव्यांत बांधलेलं मटण, मधल्या फटींत बर्फाचा चुरा, वर पुन्हा बर्फ. खालचं बूच उघडं आणि पेटी जरा तिरकी, म्हणजे वितळलेलं पाणी वाहून जातं. मटण पाण्यात पोहू द्यायचं नाही, त्यानं ते पांढरं पडतं आणि एका तुकड्याची घाण दुसऱ्याला लागते.

किती बर्फ लागतो, हे प्रत्येकजण विचारतो, म्हणून हिशेबच देतो. एक किलो बर्फ वितळताना साधारण ऐंशी किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तीस किलो मटण अडतीस अंशांवरून चारवर आणायला आठशेच्या आसपास किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे दहा किलो बर्फ पुरता वितळला की मटण नुसतं गार झालं. पुढं टिकवायला तेवढाच आणखी. आम्ही वीस किलो घेऊन गेलो होतो. चार तासांचा रस्ता करून पहाटे घरी आलो तेव्हा फऱ्यात हाडापर्यंत थर्मामीटर खुपसून पाहिला. तीन अंश.

आणि एक गोष्ट पशुवैद्य म्हणून सांगतो, ती विसरू नका. थंडीनं जंतूंची वाढ मंदावते, ते सगळे मरत नाहीत. रानडुकरात ब्रुसेला नावाचा जंतू असू शकतो, आणि तो कापणाऱ्याच्या हाताच्या जखमेतून शिरतो. म्हणून हातमोजे. ट्रायकिनेला नावाचा कृमी स्नायूंत असू शकतो. म्हणून मटण आतपर्यंत ७१ अंश तापेल असं शिजवायचं. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फिव्हर माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू गोठवलेल्या मटणातही जिवंत राहतो. हा रोग २०२० मध्ये आपल्या देशात आला. पाळीव डुकरांना संपवतो आणि रानडुकरांनाही.

आमच्या आजोबांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण व्यवहार ठाऊक होता. शिकारबंदीच्या आधीच्या त्या दिवसांत हाका घालून डुक्कर पाडलं की ते गावात यायच्या आतच ओढ्याकाठी साफ व्हायचं. पळसाच्या पानांवर वाटे घातले जायचे, घरटी एक. ज्याच्या गोळीनं पडलं त्याला एक फरा जास्त. बर्फ कुणी पाहिला होता? मटण टिकवायचंच नसायचं, वाटून संपवायचं असायचं. उरलंसुरलं मीठ-हळद लावून चुलीवर टांगायचं. वाटे घालायची पद्धत ही केवळ माणुसकी नव्हती, मटण नासण्याआधी साठ तोंडांत जाण्याची ती सोय होती. आजी मात्र एक सांगायची: कुत्र्यांनी फार पळवलेल्या डुकराचं मटण काळपट निघतं आणि लवकर वास मारतं. पुढं बंगळूरच्या हेब्बाळला जनावरांच्या डॉक्टरीचं शिकताना कारण कळलं. पळून पळून स्नायूंतली साखर संपते, मग मेल्यावर मटणात आम्ल तयार होत नाही, आणि आम्ल नसलं की जंतूंना रान मोकळं.

आता दुसरा प्रश्न. तिकडं चालतं, इथं का नाही?

तिथलं डुक्कर त्या भूमीचं नाही. १५३९ मध्ये दे सोतो नावाच्या स्पॅनिश माणसानं फ्लोरिडात डुकरं उतरवली. पुढं वसाहतवाल्यांची मोकाट सुटली, १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून त्यांत मिसळली. त्यांना आवरणारं जनावर तिथं जवळपास उरलेलं नाही. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. बिबट्या आणि कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, त्याच्यावर जगतात. आपल्या दाराशी भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये घोषित झालेलं, पलीकडे गोव्याचं म्हादई, खाली काळी नदीचं जंगल. ही एक सलग हिरवी पट्टी आहे आणि त्यात डुक्कर कमी झालं की बिबट्या कुत्र्यांकडे, वासरांकडे वळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानडुकराची शिकार बंद आहे. स्वतःचा जीव वाचवताना मारलं तर गुन्हा नाही, पण तेव्हाही ते जनावर सरकारचं, मटण तुमचं नाही.

शेतकऱ्याचं दुःख मला माहीत आहे, ते नाकारणारा मी नव्हे. एका रात्रीत रताळ्याचा वाफा नांगरल्यासारखा उलथलेला मी पाहिला आहे. भात पोटरीला आलं की गडी माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवतो, सकाळी पुन्हा कामाला. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा, फोटो, उतारा, हेलपाटे. शेतकरी चिडतो. ती चीड खरी आहे आणि तिच्यावर उपाय शोधणं सरकारचं काम आहे, लवकर करायचं काम आहे.

पण त्या चिडीतून जे होतं तेही मीच पाहिलं. क्लच वायरची फासकी डुकरासाठी लावली आणि बिबट्या कमरेत अडकला. पिठाच्या गोळ्यात गावठी बार भरून ठेवला आणि सकाळी चरायला गेलेल्या गायीनं तो चावला. तिचा खालचा जबडा उरला नव्हता. मालक माझ्या हाताला धरून म्हणत होता, "डॉक्टर, कायतरी करा की." मी तिला शांत मरण देण्यापलीकडे काही करू शकलो नाही. तिचं वासरू गोठ्यात हंबरत होतं. त्या दिवसानंतर रानडुकराच्या मटणाचा विषय निघाला की मला पहिल्यांदा ते वासरू आठवतं.

आणि आता दोन्ही प्रश्न एकत्र येतात. चोरून मारलेल्या जनावराचं मटण गार होऊच शकत नाही. विचार करा. फासकीत डुक्कर रात्री अडकतं, धडपडून धडपडून पहाटे मरतं, माणूस भीतभीत उजाडल्यावर किंवा दुसऱ्या रात्री येतो. आतडी तेवढा वेळ आतच. बॅटरी लावता येत नाही, झाडाला टांगता येत नाही, बर्फाची पेटी घेऊन रानात शिरता येत नाही. घाईघाईत तुकडे, पोत्यात कोंबले, मोटारसायकलीवर बांधले, दोन गावं ओलांडून कुणाच्या तरी परसात वर्तमानपत्रावर वाटे. धडपडीनं साखर संपलेली, तासन् तास उबेत राहिलेलं, न तपासलेलं. वर मसाला एवढा की वास कळू नये. पुष्कळदा तर ते पाळीव डुकराचंच असतं, रानडुकराच्या दरानं विकलेलं. मला कुणी प्रेमानं डबा पाठवला तरी मी तो परत पाठवतो, आणि का, तेही सांगून.

डुकराचंच मटण खायचं असेल तर पाळलेलं, डोळ्यांदेखत साफ केलेलं घ्या. आणि बर्फाची विद्या यात्रेला वापरा. यात्रेला बकरी पडतात आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे मटण पिशवीत घालून रात्रीच्या बसला चढतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. गोव्याहून आपल्याकडं मासे येतात त्या थर्माकोलच्या पेट्या बाजारात मिळतात. मटण मोठ्या तुकड्यांत ठेवा, आधी फ्रीजमध्ये रात्रभर गार करा, मग तळाला दोन-तीन गोठवलेल्या बाटल्या घालून भरा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि वाटेत उघडू नका. गेल्या यात्रेला शेजारच्या पोरानं असंच नेलं. पुण्याला पोचल्यावर त्यानं फोन केला, "काका, बाटलीत अजून बर्फाचा खडा हाय."

भाच्यानं दिलेली लहान पेटी आमच्या माळ्यावर आहे. यात्रेच्या आठवड्यात लागली तर घेऊन जा. तिचं बूच हरवलंय, तिथं कापडाची घट्ट बोळी लावा, आणि आणून देताना धुऊन, उन्हात वाळवून द्या.