तुम्ही विचारलंत म्हणून : मारिओची लय मी अजून का बदलली नाही

'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमच्या संगीताचे परीक्षण मी सहा वर्षांपूर्वी लिहिले. त्यात सांगितलेली लय मूळ लयीपेक्षा संथ आहे हे मला स्वतःला कळून चुकले असतानाही मी ती दुरुस्त का करत नाही, असा प्रश्न तेव्हापासून मला विचारला जात आहे. विचारणाऱ्यांत माझे विद्यार्थी आहेत, या खेळावर मनापासून प्रेम करणारी तरुण मुले आहेत आणि माझी चूक जाहीरपणे दाखवण्यात ज्यांना समाधान मिळते अशीही काही माणसे आहेत. आजवर मी सगळ्यांना 'हो, करायचे आहे' एवढेच उत्तर देत आले. ते उत्तर खरे नव्हते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

1994 च्या उन्हाळ्यात आमच्या मिरजेच्या घरी टीव्ही गेम आला तेव्हा दादा तेरा वर्षांचा होता आणि मी नऊ. दोघांनी खेळायचे म्हणजे पहिला मारिओ आणि दुसरा लुईजी, पण दोघे एकाच वेळी पडद्यावर येत नाहीत. पहिल्याचा मारिओ मेला की मगच दुसऱ्याला चान्स मिळतो. दादा पट्टीचा खेळणारा होता, त्यामुळे त्याचा मारिओ सहसा मरत नसे आणि मी रिमोट मांडीवर ठेवून बसून राहत असे. त्या काळात माझ्याकडे करण्यासारखे एकच काम होते, ते म्हणजे ऐकणे. 'तुम्ही तर हा खेळ धड खेळलाही नाहीत, मग त्यावर लिहिता कशाला' या दुसऱ्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. खेळणाऱ्याचे लक्ष खड्ड्यांवर आणि कासवांवर असते, संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो तो वाट पाहणारा.

संगीतकार कोजी कोंडो यांचे हे काम 1985 मधले, त्यांच्या चोविसाव्या वर्षीचे. संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांत मावतो, आणि संगीतासाठी यंत्राकडे मोजके आवाज आहेत: चौकोनी लहरीचे दोन, त्रिकोणी लहरीचा एक खर्जातला, आणि तालासाठी खरखरीचा एक. सुरावट, तिची साथ, खर्ज आणि ठेका एवढ्यातच बसवायचा आहे, आणि मारिओने उडी मारली किंवा नाणे घेतले की त्यातलाच एक आवाज क्षणभर गाणे सोडून त्या कामाला धावतो. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला तर खेळातल्या जमिनीवरच्या टप्प्यांच्या सुरावटीची सुरुवात ग ग ग, सा ग प आणि मग एकदम खालचा प अशी होते. पुढे ती सा, प, ग अशी पायऱ्या उतरते आणि ध, नि, कोमल नि, ध असे दोन्ही निषाद लागोपाठ घेते. हे दोन निषाद मी त्या वयात पेटीच्या शिकवणीत वाजवून दाखवले तेव्हा सरांनी भाता थांबवून 'हे कुठून आणलंस' असे विचारले होते.

परीक्षणात मी सर्वांत जास्त लिहिले ते मात्र दुसऱ्या दोन जागांवर. एक, जमिनीखालच्या टप्प्यांचे संगीत: सा आणि वरचा सा, खालचा ध आणि त्याच्या वरचा ध, खालचा कोमल नि आणि त्याच्या वरचा कोमल नि, आणि मग शांतता. या शांततेत भीती नसून वाट पाहणे आहे, असे मी लिहिले होते. दुसरी जागा पाण्यातल्या तीन मात्रांच्या सुरावटीची. दादा 1-2 मधल्या, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या, छुप्या वाटेने थेट चौथ्या जगात जात असे, त्यामुळे 2-2 मधले पाणी कधी लागतच नसे, आणि मी दर वेळी त्याच्या मागे लागत असे, "दादा, आज पाण्यातून जा ना." तो कधीतरी जाई. दादरा तालाच्या अंगाने झुलणारी ती सुरावट मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाली, आणि तरीही ती माझ्या अंगात इतकी भिनली की पुढे आयुष्यात मी दादरा शिकले तेव्हा तो मला नवा वाटला नाही.

या सगळ्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो माझ्याच शब्दांत असा होता: 'घाईच्या खेळाला कोंडो यांनी बिनघाईचे संगीत दिले, स्वस्थपणा हाच या रचनेचा आत्मा आहे.' सारा वाद या वाक्याचा आहे.

परीक्षण छापून आल्यावर पुण्यातल्या एका मंडळाने मला ते वाचायला आणि पेटीवर उदाहरणे वाजवायला बोलावले. साठ-सत्तर श्रोते होते, दादाही हडपसरहून मुद्दाम आला होता. मी पहिली सुरावट वाजवली, स्वस्थपणावरचा परिच्छेद वाचला, जमिनीखालची शांतता मात्रा मोजून दाखवली. प्रश्नोत्तरांच्या वेळी दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाजवलंत ते बरंच हळू आहे." मी त्याला जे उत्तर दिले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "मी हे हजारो वेळा ऐकलेलं आहे, आणि लय ओळखणं हा माझा पेशा आहे. तुम्ही ते मोबाइलवर वेग वाढवून ऐकलं असेल." तो वाद घालत बसला नाही. पुढे आला, परवानगी मागितली आणि त्याने आपला मोबाइल माइकजवळ धरला.

संगीत सुरू झाले आणि माझी नजर नकळत वर, उजव्या कोपऱ्याकडे गेली. तिथे सभागृहाची भिंत होती. मी तिथे खेळातल्या वेळेचा आकडा शोधत होते, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. या खेळात वेळ शंभराच्या खाली गेली की इशारा होतो आणि तीच सुरावट धावू लागते. मूळ लयीतली पहिली ओळ कानावर पडताच माझ्या शरीराने ती 'वेळ संपत आली' अशी ऐकली. क्षणभर दादाचा मारिओ आता मरणार असे वाटून पोटात गोळा आला. मग मी सावरले आणि पेटीवर ग दाबला. ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवले असते तर त्याची पट्टी चढली असती, हे मला माहीत होते आणि तेच सिद्ध करून मी त्या मुलाला खाली बसवणार होते. माझा ग आणि मोबाइलमधला ग एकमेकांत मिसळून गेले. सूर तोच होता आणि लय दुसरी होती. टेपचा वेग बदलला की सूर बदलतो, एवढेच ज्ञान असलेल्या माझ्यासारखीला याचा अर्थ एकच लागत होता: मोबाइलमधले ध्वनिमुद्रण खरे होते आणि माझी आठवण खोटी होती.

सूत्रसंचालकांनी वातावरण हलके करण्यासाठी विचारले, "म्हणजे मॅडम, आपण भलत्याच गाण्याचं परीक्षण ऐकलं म्हणायचं?" सभागृह हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे मी मान्य करते. मी पेटीचा भाता बंद केला, आभार मानले आणि उतरले.

कारण कळायला पुढे काही आठवडे गेले, आणि ते त्याच मुलाने मला शोधून दिले. हा खेळ ज्या जपानी यंत्रासाठी रचला ते सेकंदाला साठ चित्रे दाखवते आणि संगीतही त्या चित्रांच्या ठोक्यावरच पुढे सरकते. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पॅल या प्रक्षेपण पद्धतीचे, सेकंदाला पन्नासांचे. आपल्या बाजारात आलेली नकली यंत्रे या टीव्हींसाठी पन्नासवर चालवली गेली, पण कॅसेटमधला प्रोग्रॅम साठच्या हिशेबाचाच राहिला. त्यामुळे मूळात साठ सेकंदांत वाजणारे संगीत आपल्याकडे बहात्तर सेकंद चाले. 1-1 मध्ये चारशेपासून उतरत जाणारा वेळेचा आकडा मूळ यंत्रावर 160 सेकंदांत संपतो, आमच्या घरी तो 192 सेकंद पुरत असे. सूर मात्र यंत्राच्या घड्याळावर अवलंबून असतो, आणि या नकली यंत्रांचे घड्याळ मूळ यंत्राच्या अगदी जवळचे ठेवलेले होते, म्हणून पट्टी उतरली ती सप्तकातल्या सर्वांत लहान श्रुतीहूनही कमी. माझ्या कानाला चूक सापडणे शक्यच नव्हते, कारण माझा कान चूक सुरात शोधत होता. अशा अनेक यंत्रांत चौकोनी लहरीचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी वाजत, हेही तेव्हाच कळले. परीक्षणात मी या सुरावटीचा आवाज 'सनईसारखा किंचित नाकातला' असा वर्णिला होता आणि मूळ यंत्रावर वाढलेल्यांना ते वर्णन पटत नव्हते, ते का, याचा उलगडा इथे होतो.

हे सगळे कळल्यावरही मी लय बदलली नाही. कोंडो यांनी हे संगीत मारिओच्या हालचालीशी जुळवून बांधले, आणि न जुळलेला आधीचा प्रयत्न टाकून दिला. हालचालीशी असलेले ते नाते आमच्या यंत्रावर तुटले नव्हते, कारण संगीताबरोबर उडीही त्याच प्रमाणात संथ झाली होती. ज्याने उडी आणि ठेका दोन्ही त्याच पडद्यावर अनुभवले त्याला कोणतीही विसंगती दिसली नाही. या देशात एका पिढीतल्या कित्येक मुलांनी हे संगीत प्रथम याच लयीत ऐकले. ते ऐकणे खोटे होते असे मला कोणी म्हणू नये. एखादी बंदिश आग्रा घराण्याच्या गायकाने मध्यलयीत आणि किराणा घराण्याच्या गायकाने विलंबितात गायली तर आपण दुसऱ्याला चुकीचा म्हणत नाही.

हा युक्तिवाद मी अनेकांपुढे केला आहे, आणि तो करताना त्यातली खोट मला दर वेळी दिसते. किराण्याचा गायक विलंबित लय निवडतो, आमची लय कोणीच निवडली नव्हती. ती टीव्हीच्या ठोक्यातून आली होती. आणि मी त्या ठोक्याचे श्रेय कोंडो यांना दिले, त्याला स्वस्थपणा म्हटले, रचनेचा आत्मा म्हटले. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हीच सुरावट राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. हा मान मिळालेले हे खेळांचे पहिलेच संगीत. तो मान मिळाला ते संगीत स्वस्थ नाही, ते टुणटुण उड्या मारते, आणि तेही उत्तम आहे. एका कलावंताने जे केलेच नाही त्याबद्दल त्याचे कौतुक करणे हा त्याच्यावर अन्यायच असतो. या बाबतीत मला बचाव नाही.

पण मग जमिनीखालच्या त्या शांततेचे काय करायचे? ती मूळ लयीतही आहे, फक्त आखूड आहे. तिच्यात वाट पाहणे आहे असे मी लिहिले तेव्हा ते मी सुरांवरून लिहिले की मांडीवर रिमोट घेऊन बसलेल्या मुलीवरून लिहिले, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. सहा वर्षांपूर्वीची मी म्हणाली असती की परीक्षणकर्तीने स्वतःला बाजूला ठेवूनच ऐकले पाहिजे. आज मला वाटते की तिने तसे ऐकले असते तर तिला लिहिण्यासारखे काही सापडलेच नसते. दोन्ही म्हणणी मला पूर्णपणे पटत नाहीत.

त्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत दादा बराच वेळ गप्प होता. मला वाटले, माझी फजिती बघून त्याला वाईट वाटले असेल. शेवटी मीच विचारले, "तुला तरी हळू आठवतं की जलद?" तो म्हणाला, "मला गाणं आठवतच नाही गं. उड्या आठवतात. आणि तू पाण्यातून जा, पाण्यातून जा म्हणायचीस, ते आठवतं." ज्या संगीतावर मी तीन हजार शब्द लिहिले, ते माझ्या शेजारीच बसून तितक्याच वेळा ऐकणाऱ्या माणसाच्या स्मरणात ते उरलेले नव्हते. या गोष्टीने मला सभागृहातल्या हसण्यापेक्षा जास्त दुखावले, आणि ती मी आज प्रथमच लिहीत आहे.

माझा भाचा आता माझ्याकडे पेटी शिकतो. गेल्या महिन्यात त्याला पाण्यातली सुरावट हवी होती. मी माझ्या लयीत वाजवली, तो ऐकून म्हणाला, "आत्या, ही अशी नाहीये." मी मूळ लयीत वाजवली तेव्हा त्याचे समाधान झाले आणि तो तीच बसवू लागला. मी त्याला अडवले नाही. परीक्षणाच्या नव्या मुद्रणासाठी 'कोंडो यांनी बिनघाईचे संगीत दिले' हे वाक्य मी काढले आहे. लयीचा परिच्छेद तसाच ठेवला आहे, आणि ते संगीत कोणत्या गावी, कोणत्या साली आणि कसल्या टीव्हीवर ऐकले, हे त्याच्या वर एका ओळीत लिहिले आहे.