व्हॉक्स एसी३०चे ओरिजिनल पार्ट: चोर बाजार ते लॅमिंग्टन रोड

सगळ्यात आधी एक सांगतो, म्युझिकच्या दुकानात जाऊन "जुन्या गिटार अँपचे पार्ट मिळतील का" असं विचारत बसू नका, नुसता वेळ जातो. तिथली पोरं नवीन अँप विकतात, वॉल्व्ह (जुन्या अँप-रेडिओतली काचेची व्हॅक्यूम ट्यूब) म्हटलं की पाण्याचा नळ समजतात. विचारायचं जुन्या रेडिओवाल्यांना, आणि तेही अँपचं नाव न घेता. थेट वॉल्व्हचा नंबर घ्यायचा. ईएल८४, ईसीसी८३, जीझेड३४. गिटार म्हणालात की भाव वाढतो हा अनुभव आहे.

माझ्याकडे आलेला व्हॉक्स एसी३० हा ब्रिटिश गिटार अँप साठच्या दशकाच्या मध्याचा, इंग्लंडमधल्या डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीच्या काळातला, बांद्र्याच्या एका घरात माळ्यावर कित्येक वर्षं पडून होता. चारपैकी दोन ईएल८४ गायब, रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणारा) जीझेड३४ फुटलेला, एक नॉब नाही आणि एका स्पीकरचा कोन फाटलेला. बाकी लोखंड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगैरे, सगळं जागच्या जागी, म्हणून म्हटलं करूया.

पुण्याहून जाणाऱ्यांनी गुरुवारी संध्याकाळीच मुंबई गाठावी, कारण चोर बाजारचा जुम्मा बाजार शुक्रवारी पहाटेच भरतो आणि नऊ-दहानंतर कामाचं काही उरत नाही. दादरला वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोडला उतरायचं, फास्ट तिथं थांबत नाही, आणि पूर्वेला बाहेर पडून मौलाना शौकत अली रोडनं दोन टाकीकडे चालत सुटायचं. मटण स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, अँटिक वगैरे बघायचं असेल तर दुसरा वार धरा, पण आपल्याला हवा तो भंगार माल त्या दिवशी फुटपाथवरच असतो. टॉर्च घ्या, सुटे पैसे घ्या, बॅग पोटाशी धरा.

तिथं मला वॉल्व्ह काही मिळाले नाहीत, पण नॉब मिळाला. एका चाचांच्या चादरीवर कुठल्यातरी लॅबमधून आलेला सिग्नल जनरेटर पडला होता, आतून पोखरलेला, पण समोरच्या पॅनलवर चोचवाले काळे चिकनहेड नॉब शाबूत. एसी३०वर याच जातीचे नॉब असतात. फक्त भोकाचा व्यास आणि बाजूचा स्क्रू बघून घ्या, मी तुटलेल्या पॉटचा (नॉबखालच्या कंट्रोलचा) दांडा खिशातच ठेवला होता, तिथल्या तिथं बसवून बघितला. चाचा म्हणाले, "पूरा मशीन ले जाओ, अकेला नॉब नहीं दूँगा." मग पूर्ण घेतला, आता घरात जनरेटरही आहे, बायको काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

अकराच्या सुमारास परत चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, बोलताना कोणी म्हणत नाही. रविवारी जाऊ नका. पुढच्या चकाचक दुकानांत सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचे अडॅप्टर, आपला माल गल्लीतल्या किंवा जिन्याखालच्या जुन्या गाळ्यात, जिथं काउंटरवर वयस्कर काका बसलेत तिथं. आणि आपलं नशीब असं की ईएल८४ हा काही फक्त गिटारवाल्यांचा वॉल्व्ह नाही, आपल्या घरोघरच्या मोठ्या रेडिओ आणि रेडिओग्रामच्या आउटपुटला हाच असायचा, त्यामुळे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं म्हणजे बीईएलनं तो इथंच बनवला. १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्यानं त्यांचे रेडिओ वॉल्व्ह निघायला लागले होते. फिलिप्स आणि मलार्ड ही ब्रिटिश वॉल्व्ह कंपनी एकाच घरातले, म्हणून मलार्डच्या जोडीला बीईएल लावायला मला काही वावगं वाटत नाही, तुम्हाला अगदी मलार्डच हवा असेल तर खिसा मोकळा ठेवा.

काकांनी "कितने पीस?" विचारून वरच्या फळीवरून खोका काढला. आता बघायचं काय, तर काचेच्या टोकाला आतून चंदेरी थर असतो तो नीट चकचकीत पाहिजे, पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. नऊ पिना सरळ आहेत का ते बघा. छापलेलं नाव अंगठ्यानं घासू नका, जुनी छपाई लगेच निघते, आणि मलार्ड म्हणून देत असतील तर नुसत्या छपाईवर विश्वास ठेवू नका कारण नाव कोणीही छापतं, काचेच्या तळाशी बारीक राखाडी कोड असतो तो बघा, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बी असेल तर ब्लॅकबर्नचा कारखाना, पुढचा आकडा वर्षाचा. वॉल्व्ह टेस्टर असलेलं दुकान मिळालं तर तिथूनच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. चारही ईएल८४ एकाच कॅथोड रेझिस्टरवर चालतात, एक जरी जास्त करंट ओढणारा निघाला तरी हिशोब बिघडतो, म्हणून जास्तीचे घेऊन घरी जुळवावेत. भावासाठी सोपा उपाय म्हणजे स्लोव्हाक जेजे कंपनीच्या नव्या ईएल८४ची किंमत मोबाईलवर आधीच बघून ठेवायची.

जीझेड३४ला मात्र घाम फुटला. नसला की लोक ५यू४ पुढे करतात, "सेम टू सेम, बैठ जाता है". बसतो, बरोबर आहे. पण जीझेड३४चा हीटर १.९ अँपिअर घेतो आणि ५यू४ चा ३, तो जास्तीचा करंट तुमच्या साठ वर्षं जुन्या मेन ट्रान्सफॉर्मरमधून येणार. अजिबात घेऊ नका. ५एआर४ लिहिलेला चालेल, तो जीझेड३४च, अमेरिकन नावाचा. मला शेवटी एका गाळ्यात वापरलेला पण टेस्टरवर चांगला दाखवणारा मिळाला.

ओरिजिनलचं वेड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला लावू नये. सीलबंद जुना मिळाला तरी आतून वाळलेला असणार. नवीनच लावा, हवं तर जुना डबा दिसायला जागेवर राहू द्या. उलट ते पिवळे मलार्ड मस्टर्ड कपॅसिटर सहसा काही होत नाहीत, उगाच उपटू नका. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तरी फेकायचा नाही, त्याच पत्र्यांवर रिवाइंड करून घेता येतो.

दोन्ही स्पीकर सेलेस्टियनचे निळे टी५३० आहेत, एकेक १५ वॉटचा, म्हणजे ३० वॉटच्या अँपला काठावरच. कोन बदलून देणारे ढीगभर आहेत पण हातात येईल तो कोन चिकटवतात. फाट छोटी होती म्हणून मी टिश्यू पेपर आणि पातळ डिंकावर भागवलं, आवाज स्वच्छ आला.

वॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये घालून आणले, एकही फुटला नाही. आल्यावर लगेच प्लग लावू नका. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २४५ वर करा, परदेशातून आलेला अँप ११५ वरही असू शकतो. अर्थिंग तपासा. पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड लावून १०० वॉटच्या बल्बमधून द्या, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर लगेच बंद, आत कुठंतरी शॉर्ट आहे. आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, रेझिस्टर लावून डिस्चार्ज केल्याशिवाय आणि मीटरनं खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं वॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावं, अजून आहेत काही जण, लॅमिंग्टन रोडच्या त्या काकांनाच विचारा.